शाफ्टवाल्या गाडीच्या स्प्लाइनला मोली पेस्ट नक्की किती किलोमीटरला लावायची?

परदेशी_पक्या (न्यू जर्सी)

मंडळी नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागच्या सीझनच्या शेवटी सेकंडहँड होंडा एसटी १३०० घेतली, २००७ चं मॉडेल, ३८,००० मैल झालेली म्हणजे आपले साधारण ६१,००० किलोमीटर. युरोपात हिलाच पॅन युरोपियन म्हणतात, तिकडचे पोलीस वापरायचे ती. घ्यायचं मुख्य कारण म्हणजे शाफ्ट ड्राइव्ह, म्हणजे चेनच्या जागी फिरणारा दांडा. चेनला दर पाचसहाशे किलोमीटरला स्प्रे मारा, रविवारी ती ताणून बघा, पँटीवर काळे ठिपके, या सगळ्याचा कंटाळा आला होता. विकणारा पण म्हणाला की शाफ्टला काही करावं लागत नाही, मेंटेनन्स फ्री आहे, आणि मी खूश.

आता मागचा टायर संपत आलाय म्हणून वाचायला बसलो तर जो तो स्प्लाइन स्प्लाइन करतोय, म्हणजे जोडावरचे एकमेकांत बसणारे दाते. मॅन्युअलच्या शेड्यूलच्या तक्त्यात मला फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं) ऑइल सापडलं पण स्प्लाइनचं काही सापडलं नाही, ते चाक बसवण्याच्या पानावर एका ओळीत आहे की इथे मोली पेस्ट (मोलिब्डेनमवाली वंगण पेस्ट) लावा. किती दिवसांनी, किती मैलांनी, काही नाही. नेटवर एक जण म्हणतो दर टायरला, दुसरा म्हणतो २०,००० मैल, तिसरा म्हणतो मी आयुष्यात कधी केलं नाही आणि गाडी लाखावर गेली. टायरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला बघू, लागलं तर लावू. आधीच्या मालकाने कधी लावलं होतं का ते त्याला पण आठवत नाही.

तर प्रश्न असे की नक्की कधी लावायचं, आणि गॅरेजमध्ये लिथियम ग्रीसचा डबा पडलाय तो चालेल का ती महागडी छोटी ट्यूबच घ्यावी लागेल? आणि थ्रॉटल सोडून परत दिला की मागून बारीक टक्क असा आवाज येतो, तो याचाच का? जाणकारांनी जरा सांगा राव.

घाटवेडा (पुणे)

पक्या अभिनंदन, भारी गाडी आहे. उत्तर सोपं आहे, मागचं चाक निघालं की लावायचं. दर टायरला. विषय संपला.

२०,००० मैल वगैरे म्हणणारे बहुतेक वेगळ्या गाडीचं बोलत असतात आणि गोंधळ तिथेच होतो. माझी बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस आहे, तिचं चाक कारसारखं पाच बोल्टनी फायनल ड्राइव्हवर बसतं, चाकाला स्प्लाइनच नाहीत, टायर बदलताना तिथे बघण्यासारखं काही नसतं. तिचे स्प्लाइन आत शाफ्टच्या दोन टोकांना असतात आणि त्यासाठी रबरी बूट काढून फायनल ड्राइव्ह खाली झुकवावा लागतो, ते काम वेगळं आणि त्याचा हिशोब वेगळा. तुझ्या होंडात चाकावरची फ्लँज (दात्यांची चकती) थेट फायनल ड्राइव्हमध्ये घुसते, चाक बाहेर ओढलं की स्प्लाइन समोरच दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे, चाक काढायलाच काय तो वेळ जातो.

शिरोली_टर्नर (कोल्हापूर)

पक्या भावा, माझ्याकडे शाफ्टची मोटरसायकल नाही, आपली बुलेट आहे, पण स्प्लाइन मी रोज बघतो. आमच्या शॉपला ट्रॅक्टरच्या पीटीओचे (मागचं अवजार फिरवणारे) शाफ्ट येतात, रोटाव्हेटरचे, सहा दात्यांचे, आणि बिनग्रीसचा स्प्लाइन कसा खाल्ला जातो हे बघून बघून डोळे पिकलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं जा.

लोकांना वाटतं स्प्लाइन म्हणजे दात्यात दाते अडकलेले, फिरतात तर दोघं बरोबर, मग घासणार काय. तर घासतं. मापात बसवलेला स्प्लाइन पण शंभर टक्के घट्ट नसतो, प्रत्येक फेऱ्यात, प्रत्येक गॅसला दाते एकमेकांवर मायक्रॉनमध्ये सरकतात. हे सरकणं इतकं बारीक असतं की ग्रीस बाजूला गेलं की परत दोन दात्यांच्या मध्ये यायला जागाच मिळत नाही. बेअरिंगमध्ये गोळ्या फिरतात त्या ग्रीस परत ओढून घेतात, इथं तसं काही नाही. मग लोखंडाला लोखंड लागतं, बारीक कण सुटतात, हवेनं गंजतात आणि तो गंज मूळ पोलादापेक्षा कडक, म्हणजे तुझ्या स्प्लाइनमध्ये आता पॉलिश पेपरची पावडर भरली. याला फ्रेटिंग म्हणतात. ओळखायची खूण एकदम सोपी, चाक काढल्यावर विटकरी लाल भुकटी दिसली की समज कोरडं चाललंय. काळं चिकट दिसलं तर काळजी नाही, ते जुनं मोली आहे.

आता लिथियमच्या डब्याचं. साध्या ग्रीसमध्ये काम करतं ते तेल, साबण फक्त ते धरून ठेवतो. स्प्लाइनमध्ये दाब एवढा की तेल पिळून निघतं आणि मग साबण उरतो, त्याचा उपयोग शून्य. दुकानात मोली ग्रीस म्हणून जे काळं मिळतं त्यात मोली तीनपाच टक्के असतं, म्हणजे चिमूटभर. होंडाला पाहिजे ती पेस्ट, ग्रीस नाही, तिच्यात ४० टक्क्यांच्या वर मोलिब्डेनम डायसल्फाइड असतं. तेल गेलं तरी ती पावडर दात्यांच्या अंगाला चिकटून राहते आणि तिचे थर एकमेकांवर सरकतात. पूर्वी होंडाची मोली ६० यायची, आता तिच्या जागी एम ७७ पेस्ट येते. इकडं इंडस्ट्रियल दुकानात मोलिकोटची जी-रॅपिड प्लस मिळते. ट्यूब महाग वाटते पण एका वेळेला अर्धा चमचा पण लागत नाही, चारपाच वर्षं पुरंल तुला.

तर किती किलोमीटर हा प्रश्नच जरा वाकडा आहे. चांगली पेस्ट लावली असंल तर एका टायरला आरामात टिकते, म्हणजे १२ ते १५ हजार किलोमीटर. साधं ग्रीस फासलं असंल तर त्याच्या निम्म्यात पण वाळंल.

वऱ्हाडी_थ्रॉटल (नागपूर)

एवढं वाचून वाटते का बे आपली चेनच बरी. पन्नास रुपयाचा ब्रश अन् गिअर ऑइल, झालं काम. दिसते तरी काय झिजलं ते.

घाटवेडा (पुणे)

@वऱ्हाडी भाऊ तुमचं बरोबर आहे पण जुलैत ताम्हिणीत चेन साफ करत बसा मग बोलू 😄

एअरहेड_आप्पा (नाशिक)

टर्नरने कारण छान सांगितले. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण जास्त लावण्याने झालेले नुकसान मी जास्त पाहिले आहे.

माझ्याकडे आर ८०/७ आहे, जुनी दोन शॉकवाली बीएमडब्ल्यू. या एका गाडीत स्प्लाइनचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचे जेवण वेगवेगळे. शाफ्ट स्वतः स्विंगआर्मच्या नळीत तेलात फिरतो, तिथे ग्रीसचा संबंधच नाही, फक्त तेल बदलायचे. मागच्या चाकाचे स्प्लाइन पक्याच्या होंडासारखेच, चाक निघाले की पुसायचे, बघायचे, लावायचे. आणि तिसरा गिअरबॉक्सचा इनपुट स्प्लाइन, ज्यावर क्लचप्लेट बसते. तिथे पोचायला गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो आणि तो क्लच कोरडा आहे. तिथे कोणी उत्साहाने बोटभर पेस्ट फासली की ती फेकली जाऊन प्लेटवर जाते आणि क्लच घसरायला लागतो, मग सगळे परत खोला. तिथे नुसता ब्रशने काळा रंग दिसेल इतकाच थर, आणि दात्यांच्या टोकाला जास्तीचा राहिला तर पुसून टाकायचा. हे काम दर टायरला कोणी करत नाही. क्लच दाबूनही गिअर जड पडायला लागले की समजायचे प्लेट शाफ्टवर नीट सरकत नाही. मी तरी त्यावर लक्ष ठेवतो आणि ४०,००० किलोमीटरच्या आसपास उघडून बघतो.

नंतरच्या ऑइलहेड गाड्यांत, म्हणजे आर ११०० आणि आर ११५० मध्ये, याच इनपुट स्प्लाइनची काही ठिकाणी पार चाळण झाली, आणि त्यात ज्यांनी नियमाने वंगण केले होते त्यांच्याही गाड्या होत्या. इंजिन आणि गिअरबॉक्सची मध्यरेषा किंचित चुकलेली असेल तर पेस्ट फक्त दिवस वाढवते, झीज थांबवत नाही. २०१३ पासून पाण्याने थंड होणाऱ्या जीएसला ओला क्लच आला आणि ती डोकेदुखी गेली.

पक्या, तुला हे एवढ्यासाठी सांगितले की नेटवर कोणी "स्प्लाइन अमुक मैलांना" असे लिहिले की आधी विचार, कोणता स्प्लाइन. तुझ्या गाडीचा क्लच ओला आहे, तुला त्याची काळजी नाही.

परदेशी_पक्या (न्यू जर्सी)

बाप रे, एवढी मोठी उत्तरं, धन्यवाद सगळ्यांना. टर्नर भाऊ ते लाल भुकटीचं एकदम पक्कं बसलं डोक्यात. दोन शंका राहिल्या. एक म्हणजे माझ्या गाडीत चाकाच्या फ्लँजशिवाय शाफ्ट आणि फायनल ड्राइव्ह जोडतो तिथे पण स्प्लाइन आहेत ना, ते पण दर टायरला काढायचे का? आणि फायनल ड्राइव्हमध्ये ऑइल आहेच तर तेच स्प्लाइनला का पोचत नाही? दुसरं म्हणजे टायरवाल्याकडून हे करून कसं घ्यायचं, इथे ते मला आत उभं पण राहू देत नाहीत, इन्शुरन्स म्हणे.

फिरस्ती_मेलबर्न

पक्या, टायरवाल्याकडून करून घ्यायचंच नाही. चाक घरी काढ, नुसतं चाक घेऊन जा, टायर चढवून बॅलन्स करून घरी आण, स्प्लाइनचं काम आपल्या ओट्यावर. माझी यामाहा एफजेआर १३०० आहे, शाफ्टचीच, आणि मी गेली कित्येक वर्षं असंच करते. मी बाई म्हणून आधी मला वाटायचं एवढं जड चाक कोण काढत बसणार, पण सेंटर स्टँड असेल तर फार काही नाही, एक लाकडी फळी चाकाखाली सरकवली की ते उचलावं लागत नाही, फक्त सरकवायचं. दुकानात पूर्ण गाडी दिली तर टायरवाला टायर बदलतो, तेवढंच त्याच्या बिलावर असतं, त्याला का दोष द्यायचा. गॅरेजमध्ये जे ग्रीस हाताशी असेल ते लावून मोकळा होईल.

आता काम कसं करायचं. फ्लँज आणि फायनल ड्राइव्ह दोन्हीकडचे दाते टूथब्रश आणि रॉकेलने, तिकडे केरोसीनच म्हणतात बहुतेक, स्वच्छ कर, म्हणजे धातू दिसेपर्यंत. जुन्या पेस्टवर नवीन फासू नको, जुन्यात ती झिजलेली पावडर असते. ब्रेक क्लीनर वापरणार असशील तर चिंधीवर मारून पूस, आत फवारू नको, बाजूला ऑइल सील आहे आणि रबराला ते चालत नाही. मग कोरडं पुसून छोट्या ब्रशने दोन्हीकडच्या दात्यांच्या बाजूंना पातळ हात. चाक बसवताना जास्तीचं बाहेर आलं तर पूस, शेजारी ब्रेकची डिस्क आहे. आणि ओ-रिंग!! होंडात त्या फ्लँजवर ओ-रिंग असते, ती पेस्टला आत आणि पाण्याला बाहेर ठेवते. दर वेळी नवीन टाक. लोक पेस्टवर चर्चा करतात आणि ती चपटी झालेली ओ-रिंग तशीच परत बसवतात, मग पुढच्या वेळी कोरडं का म्हणून विचारतात. चाकातले रबरी डॅम्पर पण बघून घे, बोटाने हलले नाही पाहिजेत.

आणि प्रेशर वॉशरचा पाइप हबच्या मधोमध धरू नको, मोलीला पाणी आवडत नाही.

शिरोली_टर्नर (कोल्हापूर)

ताईंनी ओ-रिंगचं लाखात एक सांगितलं.

पक्या, तेलाचं असं की फायनल ड्राइव्हच्या पोटात क्राउन-पिनियन (शाफ्टची फिरकी चाकाकडं वळवणारी गिअरची जोडी) आहे आणि हायपॉइड तेल, म्हणजे गिअरचं तेल, त्याच्यासाठी, कपभर पण नसतं ते. फ्लँजचा स्प्लाइन सीलच्या बाहेर, कोरड्या बाजूला. तेल तिथं पोचलं तर समज सील गेलं आणि थोड्या दिवसात तेच तेल टायरवर. म्हणून तेल बदललं म्हणजे स्प्लाइनचं झालं असं धरू नको, हिशोब दोन्हीचा येगळा.

शाफ्ट आणि पिनियनच्या जोडाला पण पेस्टच. ते दर टायरला काढायची गरज नाही, एक टायर सोडून दुसऱ्याला केलं तरी बास. पण तुझ्या गाडीचा इतिहासच माहीत नाही म्हटल्यावर या वेळेला दोन्ही उघड. एकदा आपल्या डोळ्यांनी बघितलं की पुढचा हिशोब तुझ्या हातात. दाते माथ्यावर सपाट आणि बाजू सरळ असल्या तर निवांत. माथा निमुळता होऊन करवतीसारखा टोकदार झाला असंल, किंवा दात्याच्या एका बाजूला नखानं जाणवंल अशी पायरी पडली असंल, तर पेस्टनं आता काही होणार नाही, पैसे जमवायला लाग. आणि तेव्हा फक्त एक बाजू बदलू नको. झिजलेल्या दात्यांवर नवी फ्लँज घातली तर ती नवी पण त्याच आकाराला येते, आमच्याकडं शेतकरी हमखास हेच करतात, अर्धा खर्च वाचवायला जातात आणि पुढच्या हंगामाला परत दारात.

फायनल ड्राइव्ह उतरवलास तर बसवताना एक काळजी घे. केसचे नट आधी हातानंच लाव, घट्ट नको. मग चाक घाल, एक्सल घाल, एक्सल मॅन्युअलच्या टॉर्कला आवळ आणि शेवटी केसचे नट. असं केलं की केस स्वतःच एक्सलच्या रेषेत येऊन बसतं. उलटं केलं तर केस वाकडं धरलं जातं आणि स्प्लाइन कायम एका अंगानं खात राहतो, मग कुठलीबी पेस्ट लाव. आप्पांनी गिअरबॉक्सचं सांगितलं तीच गोष्ट इथं लहान प्रमाणात.

घाटवेडा (पुणे)

टर्नर भाऊ एक माझं पण सांगा, शाफ्ट काढून परत घालताना दोन्ही क्रॉसची (युनिव्हर्सल जॉइंटची) दिशा जुळवायची असते म्हणतात ते किती खरं? दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर एक दाता इकडेतिकडे झाला तर काय फरक पडतो?

शिरोली_टर्नर (कोल्हापूर)

लई फरक पडतो. एक क्रॉस कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा मागं राहतो. दुसरा क्रॉस बरोबर उलटं करून ते रद्द करतो, पण दोन्हीचे काटे एका रेषेत असले तरच. दाता चुकला की रद्द होण्याऐवजी धक्का शिल्लक राहतो, थरथर येते आणि ती सगळी स्प्लाइन आणि बेअरिंगवर. सोडवायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर पेंटनं एक रेघ मारून ठेवायची, ट्रकचे प्रोपेलर शाफ्ट करणारे पण तेच करतात. तुझ्या गाडीचा वॉरंटीत असंल तर मात्र स्वतः हात घालू नको.

एअरहेड_आप्पा (नाशिक)

घाटवेडा, तुमच्या मॉडेलच्या शाफ्टबद्दल सर्व्हिस सेंटरला तुमच्या चॅसिस नंबरवर विचारून घ्या, तपासणीचे आणि बदलण्याचे जे काही ठरलेले असेल ते तिथे दिसते. आणि स्विंगआर्मच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट प्रत्येक पावसाळ्यानंतर बघा. तिथे चीर असली की पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट नसते. वंगण किती दिवसांनी हा प्रश्न तुमच्या गाडीत त्या बुटाच्या अवस्थेवर जास्त अवलंबून आहे, किलोमीटरवर कमी.

परदेशी_पक्या (न्यू जर्सी)

आणि तो टक्क आवाज? तो राहिलाच.

फिरस्ती_मेलबर्न

तो एकट्या स्प्लाइनचा असेलच असं नाही. शाफ्टच्या गाडीत थोडा प्ले (ढिलेपणा) असतोच, गिअरबॉक्सच्या डॉगचा (गिअर अडकवणाऱ्या दात्यांचा), डॅम्परचा, क्राउन-पिनियनचा, सगळ्यांचा मिळून तो आवाज. सेंटर स्टँडवर पहिल्या गिअरमध्ये चाक मागेपुढे हलवून जो प्ले जाणवतो त्यात हे सगळंच येतं, म्हणून त्यावरून घाबरू नको. चाक काढल्यावर नुसती फ्लँज हातात घे, फायनल ड्राइव्हमध्ये घालून हलकेच डावीउजवीकडे फिरव. तो प्ले फक्त स्प्लाइनचा. जेमतेम जाणवला तर ठीक, खुळखुळ्यासारखी हलली तर टर्नर म्हणतात ते दाते नीट बघ.

आणि तुझ्याकडे हिवाळ्यात गाडी चारपाच महिने उभी असते ना, वर्षाला मैल कमीच होत असतील. मग टायर संपायची वाट बघू नको, टायर तीनचार वर्षं पण चालेल. दोन सीझनमध्ये एकदा तरी चाक काढ.

परदेशी_पक्या (न्यू जर्सी)

हो, मैल कमीच होतात, मागच्या मालकाने पण कमीच चालवलेली, वर्षं जास्त मैल कमी अशीच गाडी आहे. ठरलं मग, या वीकएंडला पेस्ट आणि ओ-रिंग ऑर्डर करतो, आल्या की चाक काढतो आणि पिनियनकडचं पण उघडतो. फोटो टाकीन, लाल निघालं तरी टाकीन.

शिरोली_टर्नर (कोल्हापूर)

फोटो पुसायच्या आधीचा टाक, पुसल्यावर सगळेच स्प्लाइन चांगले दिसतात. आणि ऑर्डर करताना पार्ट्सच्या चित्रात शाफ्टकडच्या बाजूचे सील आणि रिंगा पण बघून घे, त्या वेगळ्या असतात, नाहीतर सगळं उघडून कुरियरची वाट बघत बसशील.

वऱ्हाडी_थ्रॉटल (नागपूर)

मी पण फोटो बघाले येतो. चेन साफ करून झाली माझी 😎